रांगेतल्या फायलींचा कारभारी : जॉन पोस्टेल

लायनक्सच्या काळ्या खिडकीत एलएफटीपी सुरू करायचं, हव्या त्या पाच-सहा फायली ‘क्यू’ आदेशाने रांगेत लावायच्या, एक्झिट म्हणायचं आणि खुशाल मेसमध्ये जेवायला जायचं, हे आपल्यापैकी अनेकांना जमतं. खिडकी गेली तरी प्रोग्राम पडद्यामागे जिवंत राहतो. एकेक फाइल उतरवतो, जोडणी तुटली तर जरा थांबून पुन्हा जोडतो. पण समोर माणूस नसताना पुन्हा प्रयत्न करायचा की नाद सोडायचा, हे त्याला कळतं कसं? या प्रश्नाचा माग काढत गेलं की लांब दाढीच्या, पायांत सँडल अडकवून फिरणाऱ्या एका माणसापाशी आपण पोचतो.

जॉन पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीना गावी झाला. व्हॅन नाइज हायस्कूलमधून ते शिकले. गंमत म्हणजे इंटरनेटच्या इतिहासातले व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेसुद्धा त्याच शाळेचे. पुढे लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६६ साली पदवी, १९६८ साली पदव्युत्तर पदवी. तिथे लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या गटात ते काम करत होते. हे क्लाइनरॉक रांगेच्या गणितातले मोठे जाणकार. १९६९ साली अर्पानेटचं पहिलं यंत्र याच प्रयोगशाळेत आलं आणि पोस्टेल जाळ्याच्या कामात पडले ते कायमचे.

त्या वर्षी क्रॉकर यांनी आरएफसी नावाची टिपणं सुरू केली. त्यांचं संपादन पोस्टेल यांच्याकडे आलं आणि १९९८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. कोणत्या सेवेला कुठला क्रमांक द्यायचा, याची यादीही तेच ठेवत. कारकुनी वाटेल असं हे काम. पण दोघांनी एकच क्रमांक वापरला तर काय घोटाळा होईल, हे नेटवर्क्सच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या कुणालाही सांगायला नको!

फाइल पाठवण्याचा नियम, म्हणजे एफटीपी, मुळात पोस्टेल यांचा नव्हे. तो एप्रिल १९७१ मध्ये लिहिला अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे हे विद्यार्थी तेव्हा एमआयटीत होते. उत्तरांना आकडे सुरुवातीच्या काळातही होते, पण निव्वळ आकडा पाहून प्रोग्रामने निर्णय घ्यावा इतकी शिस्त त्यांत नव्हती. जून १९७४ च्या आरएफसी ६४० मध्ये पोस्टेल यांनी ती सुधारित मांडणी दिली. त्याच वर्षी त्यांची पीएचडीही झाली.

ही मांडणी इतकी साधी आहे की वाचून हसू येतं. उत्तर तीन अंकी. पहिला अंक २ असेल तर काम फत्ते. ३ असेल तर अजून काहीतरी सांग. ४ म्हणजे आत्ता जमलं नाही, नंतर ये. ५ म्हणजे जमणारच नाही, हाच आदेश पुन्हा देऊ नकोस. जोडणी मध्येच तुटली तर ४२६, फाइलच नसेल तर ५५०. पुढचा इंग्रजी मजकूर सर्व्हर काहीही लिहो, प्रोग्रामने पहिला अंक बघायचा. ४ दिसला तर फाइल रांगेतच ठेवायची, ५ दिसला तर सोडून पुढची घ्यायची. माणसाला झोपायला पाठवणारी सोय ती हीच. माझ्या मते पोस्टेल यांच्या नावावरच्या बड्या नियमांपेक्षा ही युक्ती मोलाची आहे, आणि अभ्यासक्रमात ती एका ओळीत उरकतात!

१९७७ साली ते मरीना डेल रे इथल्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये गेले. १९८१ मध्ये आयपी आणि टीसीपीचे नियम त्यांच्या संपादनाखाली निघाले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेलचा एसएमटीपी आला. त्याआधी पत्रं एफटीपीच्याच आदेशांनी जात. नव्या नियमातही आकड्यांची तीच रीत ठेवली, म्हणून मेलचा सर्व्हरही पत्र रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करू शकतो. ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉइस रेनॉल्ड्स यांच्यासह त्यांनी आरएफसी ९५९ लिहिलं, तो आजच्या एफटीपीचा पाया. अर्धवट फाइल पुढे चालू करण्याचा रेस्ट आदेश त्यात होता. मात्र आपण वापरतो त्या सरळ रूपात तो २००७ साली नियमात आला.

एवढा पसारा एका माणसाच्या शब्दावर चालत होता. २८ जानेवारी १९९८ रोजी त्यांनी जगातल्या मूळ नाव-सर्व्हरांपैकी आठांच्या चालकांना सांगितलं, की यापुढे यादी नेटवर्क सोल्यूशन्स कंपनीच्या यंत्रावरून न घेता माझ्याकडून घ्या. त्यांनी ते मुकाट्याने केलंही! अमेरिकन सरकार खडबडलं. पोस्टेल यांनी ही चाचणी असल्याचं सांगितलं आणि आठवडाभरात सगळं पूर्ववत झालं. त्यांच्या सज्जनपणाबद्दल शंका नाही, पण एकाच माणसाच्या हाती इतकं असणं बरं नव्हे, हे सरकारचं म्हणणंही मला पटतं. त्याच सप्टेंबरमध्ये हे काम सांभाळायला आयकॅन ही संस्था स्थापन झाली.

तिची घडी बसलेली पोस्टेल यांना पाहता आली नाही. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजलिसमध्ये ते गेले. वय अवघं ५५. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये एफटीपीला रजा दिली. पण चुकीच्या पत्त्यावर धाडलेली मेल परत आली की तिच्यात अजूनही बहुधा ५५० हाच आकडा असतो.