लव्हिनिया डॉक : परिचारिकांना औषधांचे ज्ञान देणारी बाई

मालवणच्या आसपासच्या रानात काजऱ्याचे झाड कोणी पाहिले नाही असे नाही. त्याचे पिकलेले नारिंगी फळ दिसावयास गोजिरे. परंतु आतील बटणासारखी चपटी बी किती घातक आहे, हे वडील माणसे मुलांना लहानपणीच सांगून ठेवतात. ह्याच बियांतून निघणारे स्ट्रिक्नीन एके काळी इस्पितळांतून शक्तिवर्धक औषध म्हणून अत्यंत अल्प मात्रेत देत असत. मात्रा वाढली की रोग्याचे अंग धनुष्यासारखे ताठे, झटके येत व श्वास कोंडून तो मरे. आधुनिक वैद्यकाने हे औषध आता टाकून दिले आहे. पण त्याने शिकविलेला धडा जुना झालेला नाही. औषध आणि विष ह्यांमध्ये पुष्कळदा केवळ मात्रेचेच अंतर असते. मग ती मात्रा मोजून रोग्याच्या मुखी घालणाऱ्या परिचारिकेला त्या औषधाचे ज्ञान नको काय? हा प्रश्न जिने मनाला लावून घेतला, त्या बाईचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लव्हिनिया डॉक ह्यांचा जन्म अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया प्रांतात हॅरिसबर्ग येथे 26 फेब्रुवारी 1858 रोजी झाला. घर सुखवस्तू होते. मुलींनाही शिक्षण मिळावे अशी आईबापांची इच्छा होती. लव्हिनियाबाई पियानो व ऑर्गन उत्तम वाजवीत. त्या अठरा वर्षांच्या असता आई वारली, आणि धाकट्या भावंडांची काळजी त्यांच्यावर व थोरल्या बहिणीवर पडली. पुढे एका मासिकात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळातील परिचारिका-शाळेविषयी लेख वाचून त्यांचे मन त्या कामाकडे ओढले. चांगल्या घरच्या मुलीने असले काम पत्करावे, ह्याचे तेव्हा पुष्कळांना आश्चर्य वाटे. आपल्याकडेही कित्येक घरांत असेच वाटत असे, हे वाचकांस ठाऊक आहे. तरी बाई डगमगल्या नाहीत. 1886 साली त्यांनी तेथील शिक्षण पुरे केले.

1888 साली फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे पीतज्वराची साथ आली, तेव्हा त्या रोग्यांच्या सेवेस गेल्या. पुढल्याच वर्षी जॉन्सटाउन गावावर धरण फुटून महापूर कोसळला, तेथेही त्या धावून गेल्या. त्यानंतर बेलव्ह्यूमध्ये रात्रपाळीच्या देखरेखीचे काम त्यांच्याकडे आले. तेथे शिकाऊ मुलींची अडचण त्यांनी जवळून पाहिली. ह्या मुलींना रोज नाना औषधे द्यावी लागत, परंतु त्यांच्याकरिता लिहिलेले सोयीचे पुस्तक नव्हते. डॉक्टरांचे ग्रंथ मोठे व अवघड. शिवाय परिचारिकेने सांगितले तेवढे करावे, अधिक जाणण्याचे तिला कारण नाही, असे मानणारेही पुष्कळ होते.

बाईंचे मत निराळे होते. डॉक्टर औषध लिहून निघून जातो. रोग्याजवळ रात्रभर बसते ती परिचारिका. अफूपासून केलेल्या मॉर्फिनने रोग्याचा श्वास मंदावत चालला, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर ते प्रथम तिलाच दिसावयाचे. डिजिटॅलिस देण्यापूर्वी नाडी फार मंद तर नाही ना, हे तिनेच मोजावयाचे. क्विनीन घेणाऱ्याच्या कानांत गुणगुण होऊ लागली, तर तिचा अर्थ तिनेच ओळखून डॉक्टरांस कळवावयाचा. अज्ञानी हात कितीही प्रेमळ असला तरी त्याच्याकडून जीव जाऊ शकतो.

म्हणून बाईंनी स्वतःच पुस्तक लिहावयास घेतले. औषधांची ओळख, मात्रा, शरीरावर होणारा परिणाम, विषबाधेची लक्षणे व त्यांवरील उपाय ही सर्व परिचारिकांना समजतील अशा रीतीने त्यांनी मांडली. छपाईसाठी पैसे वडिलांनी पुरविले आणि 1890 साली ते प्रसिद्ध झाले. पुढे त्याच्या एक लाखाहून अधिक प्रती खपल्या. परिचारिकांसाठी लिहिलेल्या औषधशास्त्राच्या पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. हे पुस्तक नवे होते त्याच दशकात, 1894 साली, इकडे घाटावर मिरजेस डॉ. वानलेस ह्यांचे मिशन इस्पितळ उघडले, हे लक्षात घेतले म्हणजे तो काळ आपल्याला परका वाटत नाही.

पुढे बाईंनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात व शिकागो येथे परिचारिकांना शिकविले. 1896 पासून सुमारे वीस वर्षे त्या न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीट येथील सेवाकेंद्रात गरीब वस्तीत राहून घरोघर रोगी पाहत. 1899 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या त्या 1922 पर्यंत चिटणीस होत्या. अॅडिलेड नटिंग ह्यांच्या सहकार्याने त्यांनी परिचर्येचा मोठा इतिहास लिहिला. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून चळवळ करताना 1917 साली त्यांनी तुरुंगवासही सोसला. तो अधिकार अमेरिकेत 1920 साली सर्वत्र लागू झाला. 17 एप्रिल 1956 रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्या निवर्तल्या.

आज आपल्या देशात परिचर्येच्या पदवीला औषधशास्त्र हा नेमलेला विषय आहे. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ ही पाच पथ्ये विद्यार्थिनींकडून घोकून घेतली जातात. मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडील ज्या मुली हे शिक्षण घेत असतील, त्यांनी हा विषय परीक्षेपुरता पाठ करून सोडू नये. आणि आपण घरी बसणाऱ्यांनीही एक गोष्ट शिकावी. आजाऱ्याला गोळी देण्यापूर्वी चिठ्ठीवरील नाव व मात्रा दोनदा वाचावी. कळले नाही तर विचारण्यास लाजू नये. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता दिलेल्या घोटाची भरपाई मात्र मागाहून करता येत नाही.