विश्लेषण : घरातील इंधनबचतीचे शास्त्र मांडणारे काउंट रम्फर्ड कोण होते?

घरातून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करायचे म्हटले की सौर पॅनेल आणि इंडक्शन शेगडीची चर्चा होते. मात्र त्याआधीचा प्रश्न साधा आहे : जाळलेल्या इंधनातील किती उष्णता खरोखर कामी येते? सव्वादोनशे वर्षांपूर्वी काउंट रम्फर्ड यांनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला होता.

रम्फर्ड कोण होते?

त्यांचे मूळ नाव बेंजामिन थॉम्पसन. जन्म १७५३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी ब्रिटिशांची बाजू घेतली, त्यांच्यासाठी हेरगिरी केली आणि पत्नी व लहान मुलीला मागे ठेवून इंग्लंड गाठले. पुढे ते जर्मनीतील बव्हेरियाच्या शासकाच्या सेवेत गेले. तेथेच त्यांना काउंट ही पदवी मिळाली.

स्वयंपाकघराशी संबंध कसा आला?

म्युनिकमध्ये १७९० मध्ये त्यांनी भिकाऱ्यांना काम आणि जेवण देणारी व्यवस्था उभारली. मोठा स्वयंपाक म्हणजे सरपणही भरपूर. उघड्या जाळाची बरीच उष्णता भांड्याला न लागताच निघून जाते. म्हणून त्यांनी जाळ विटांच्या बांधकामात बंदिस्त केला, भांडी त्यात खोल बसवली आणि हवा कमी-जास्त करण्याची सोय केली.

लंडनमध्ये काय बदलले?

१७९५ मध्ये ते लंडनला आले. तेथील घरांत भिंतीतल्या शेकोटीत जळणारा कोळसा खोलीपेक्षा धुराडेच जास्त तापवत होता, शिवाय धूर घरात कोंडत होता. रम्फर्ड यांनी धुराड्याचा गळा अरुंद केला, शेकोटी उथळ केली आणि तिच्या बाजूच्या भिंती तिरक्या बांधल्या. त्यामुळे उष्णता खोलीत येऊ लागली, धूर वर जाऊ लागला.

उत्सर्जनाशी याचा संबंध काय?

त्यांना खर्च आणि धूर कमी करायचा होता. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. रम्फर्ड यांचे १८१४ मध्ये पॅरिसजवळ निधन झाले. त्यानंतर १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी वायूंचा हा गुणधर्म प्रयोगातून मोजला. हे प्रयोग झाले ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. ही संस्था १७९९ मध्ये रम्फर्ड यांच्याच पुढाकाराने स्थापन झाली होती.

आज त्याचे महत्त्व काय?

एक किलो कार्बन पूर्ण जळाला की सुमारे ३.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. उष्णता भांड्याला लागो वा वाया जावो, हवेत जाणारा वायू तेवढाच. त्यामुळे शेगडी बदलणे परवडत नसेल, तरी पातेल्यावर झाकण ठेवणे आणि उकळी येताच आच मंद करणे आजच शक्य आहे.