सर्पगंधेचे मोजमाप

चार पायऱ्या चढताच धाप लागणे, संध्याकाळी पाय सुजणे, रात्री उताणे निजता न येणे, या गोष्टी वार्धक्याच्या समजून निमूटपणे सोसणारी माणसे पेण-रोह्याच्या घराघरांत आढळतील. हृदय दुर्बल होत चालल्याच्या या खुणा असू शकतात. आणि त्यांच्या मुळाशी पुष्कळदा वर्षानुवर्षे न मोजलेला रक्तदाब असतो. म्हणूनच डॉ. रुस्तम जाल वकील यांचे चरित्र आजही उद्बोधक ठरते.

१९११ साली जन्मलेल्या वकिलांनी लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून लौकिक मिळविला. त्या काळी उच्च रक्तदाबावर खात्रीचे औषध जवळजवळ नव्हतेच. सर्पगंधेची मुळी मात्र वैद्यांच्या परिचयाची होती. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरील गुण नोंदविलाही होता. परंतु त्या नोंदीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष गेले नाही.

वकिलांनी परंपरेचा जयघोष केला नाही की तिचा उपहासही केला नाही. त्यांनी पन्नास रुग्णांना मुळीच्या गोळ्या दिल्या, रक्तदाब मोजला, आकडे मांडले आणि १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. जगाचे लक्ष वेधले गेले ते या मोजमापामुळे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी त्या मुळीतून रेसरपिन वेगळे केले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार लाभला. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

रेसरपिनचे राज्य फार काळ टिकले नाही. काही रुग्णांत खिन्नता उद्भवल्याचे दिसले, अधिक निर्धोक औषधे आली आणि ते मागे पडले. त्यामुळे वकिलांचे श्रेय उणावत नाही; टिकली ती त्यांची पद्धती. २०१९ मध्ये मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन हे औषध दुर्बल हृदयाच्या रुग्णांनाही, मधुमेह नसला तरी, उपकारक ठरते असे सिद्ध झाले, तेही काटेकोर चाचणीनेच.

अशी औषधे आज उपलब्ध आहेत. परंतु रोग ओळखलाच गेला नाही तर त्यांचा उपयोग काय? शाळा, कचेऱ्या आणि ग्रामपंचायती यांनी ठरविले तर प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजला जाणे अशक्य नाही. दंडाला पट्टा बांधण्यास काही मिनिटे पुरतात. वकिलांच्या यशाचा आरंभही त्याच पट्ट्यापासून झाला होता.