बर्ट मन्रो

हर्बर्ट जेम्स तथा बर्ट मन्रो (२५ मार्च, १८९९ - ६ जानेवारी, १९७८) हे न्यू झीलंडचे मोटारसायकल शर्यतपटू होते. जुन्या मोटारसायकलचे दोन सिलिंडरांचे इंजिन स्वतःच्या कार्यशाळेत नव्याने घडवून त्यांनी वेगाचे विक्रम प्रस्थापित केले.

जीवन

मन्रो इन्व्हरकार्गिलजवळ शेतकरी कुटुंबात वाढले. १९२० मध्ये त्यांनी अमेरिकेतील इंडियन कंपनीची ६०० सीसी क्षमतेची स्काउट मोटारसायकल विकत घेतली. तिचा मूळ कमाल वेग ताशी सुमारे ८९ किलोमीटर होता. उपजीविकेसाठी ते मोटारसायकलींची विक्री व दुरुस्ती करीत आणि रात्री या इंजिनावर काम करीत. घटस्फोटानंतर १९४० च्या दशकाअखेरीस त्यांनी नोकरी सोडली व ते गॅरेजमध्येच राहू लागले.

इंजिनाची घडण

पैशांअभावी बहुतेक भाग ते स्वतः बनवीत. पिस्टन जुन्या डब्यांच्या साच्यांत ओतलेले, सिलिंडर बिडाच्या जुन्या नळांपासून तयार केलेले, तर कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून कोरलेले होते. क्षमता वाढत अखेर सुमारे ९५० सीसी झाली. वाढत्या ताणाने भाग वारंवार तुटत. असे तुटके भाग वेगदेवतेला अर्पण केलेल्या वस्तू म्हणून त्यांनी फळीवर मांडून ठेवले होते.

विक्रम

हृदयविकार जडलेला असूनही मन्रो युटामधील बॉनव्हिलच्या क्षारमैदानावर अनेकदा उतरले. १९६२ मध्ये त्यांनी ८८३ सीसी गटात ताशी २८८ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. १९६७ मध्ये, ६८ व्या वर्षी, १००० सीसीखालील गटात त्यांच्या ताशी २९५.४५३ किलोमीटर वेगाची नोंद झाली. गणनेतील चूक आढळल्यावर २०१४ मध्ये ती २९६.२५९ अशी दुरुस्त करण्यात आली. त्यांच्या जीवनावर २००५ मध्ये द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन हा चित्रपट निघाला.