चारही इंजिने चालू असताना

बोईसरहून पश्चिमेला जाणारा रस्ता नवापूरला समुद्रापाशी संपतो. याच किनाऱ्यावर, नवापूरपासून थोडे उत्तरेला, तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. देशातले ते पहिले. ज्यांच्या आग्रहामुळे ते उभे राहिले, त्या डॉ. होमी भाभांना ते चालू झालेले पाहता आले नाही. बांधकाम सुरू असतानाच त्यांचे विमान आल्प्समध्ये कोसळले.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. आत्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. मुलाने केंब्रिजहून इंजिनीअर होऊन यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, असा घरच्यांचा बेत होता. मुलाचे मन भौतिकशास्त्रात. इंजिनीअरिंगला पहिला वर्ग मिळव, मग हवे ते शिक, अशी वडिलांनी अट घातली. ती त्यांनी पुरी केली. अवकाशातून आलेला एखादा वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला की कणांचा वर्षाव कसा होतो, याचे गणित त्यांनी १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासोबत मांडले. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि महायुद्ध पेटल्याने इथेच राहिले. युद्ध झाले नसते तर ते परतलेही असते!

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद, १९५६ मध्ये तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी. चित्रे काढणारा, पाश्चात्त्य संगीताचा वेडा असलेला हा माणूस बांधकामाच्या आड येणारे झाड तोडण्याऐवजी मुळासकट हलवायला लावी.

तारापूरमागचा त्यांचा हिशेब सरळ होता. कोळशाच्या मोठ्या खाणी देशाच्या पूर्व भागात आणि विजेची भूक मुंबई-गुजरातच्या पट्ट्यात. रेल्वेने इतका कोळसा ओढत आणण्यापेक्षा इथे अणुवीज परवडेल, असे ते सांगत. भट्टी थंड ठेवायला समुद्राचे पाणी हाताशी होतेच. १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला, पुढच्या वर्षी बांधकाम सुरू झाले.

२४ जानेवारी १९६६. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी भाभा व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली आणि बैरुतमार्गे जिनिव्हाकडे चालले होते. विमान पडले म्हटले की इंजिन बंद पडले असेल, असे आधी मनात येते. इथे तसे काही नव्हते. बिघडला होता तो एक रेडिओ-ग्राहक.

जमिनीवरची केंद्रे रेडिओ संदेश सोडत असतात. केंद्रापासून आपण कोणत्या दिशेला आहोत, ते विमानातला ग्राहक दाखवतो. एका केंद्रावरून फक्त रेषा मिळते. त्या रेषेवर आपण नेमके कुठे, हे कळायला दुसरी रेषा लागते. त्यासाठी विमानात असे दोन ग्राहक होते. बैरुत सोडताना त्यातला एक नादुरुस्त होता. मग वैमानिकाची भिस्त जिनिव्हाच्या रडार नियंत्रकावर आली. नियंत्रकाला पडद्यावर विमान दिसत होते. मोंट ब्लांक अजून पाच मैल पुढे आहे, असे त्याने कळवले. वैमानिकाची समजूत मात्र शिखर मागे पडले, अशी झाली. त्याने विमान खाली घ्यायला सुरुवात केली.

सकाळी आठच्या सुमारास, सुमारे ४,७५० मीटर उंचीवर विमान डोंगरावर आदळले. शिखराचा माथा तिथून पन्नास-साठ मीटर वर. ११७ जणांपैकी कुणीही वाचले नाही. भाभा ५६ वर्षांचे होते. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली; शास्त्रीजींना जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते. एका मागून एक असे दोन धक्के बसल्यावर घातपाताची शंका निघणे स्वाभाविक होते, आणि त्या कथा आजही सांगितल्या जातात. फ्रेंच चौकशीने १९६७ मध्ये काढलेला निष्कर्ष मात्र वरच्या गैरसमजाचा आहे. घातपातापेक्षा तो जास्त अस्वस्थ करतो. याच पर्वतावर १९५० मध्ये एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ आदळून ४८ जण दगावले होते.

बर्फाने बरेच काही गिळले. हिमनदी सरकत राहते, तसे अवशेष वर्षानुवर्षे खाली येत राहिले. २०१२ मध्ये भारतीय परराष्ट्र खात्याची टपालाची पिशवी सापडली, आत त्या वेळची वर्तमानपत्रे होती.

तारापूरचे काम थांबले नाही. २८ ऑक्टोबर १९६९ पासून तिथली वीज रीतसर मिळू लागली. भाभा असते तर दोन दिवसांनी त्यांनी साठी गाठली असती.