विद्येचे ऋण फेडणारे सर विश्वेश्वरय्या

बीडकरांना पाण्याचे मोल सांगावयास नको. पाऊस रुसला तर घागरीसाठी पायपीट, आणि कोपला तर १९८९ साली बिंदुसरेने केला तसा हाहाकार! या पाण्यास शिस्त लावण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे चरित्र प्रत्येक मातेने आपल्या मुलामुलींस अवश्य सांगावे.

म्हैसूर राज्यातील मुद्देनहळ्ळी गावी एका संस्कृत पंडिताच्या घरी त्यांचा जन्म झाला. घरात विद्या होती, पैसा नव्हता. लहानपणीच वडील वारले. आईचे संस्कार व मामांचा आधार एवढ्या शिदोरीवर त्यांनी बंगळूर गाठले आणि मुलांच्या शिकवण्या करीत १८८१ साली बी. ए. ची पदवी मिळविली. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये स्थापत्यशास्त्र शिकावयास आले. मुलूख परका, भाषा परकी. तरीही १८८३ च्या परीक्षेत साऱ्या मुंबई इलाख्यात ते पहिले आले. लगेच १८८४ साली नाशिकास त्यांची असिस्टंट इंजिनियर म्हणून नेमणूक झाली.

या विद्येचा लाभ महाराष्ट्रास भरपूर झाला. कालव्याचे पाणी थोड्याशा उसातच न मुरता अनेक गावांस मिळावे, म्हणून त्यांनी पिकांची फेरपालट करणारी ब्लॉक पद्धती आखली. खडकवासल्याच्या धरणावर पाणी ठराविक पातळीवर चढताच आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली बसले, ते त्यांच्याच कल्पनेचे.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९०८ साली मुसी नदीच्या पुराने राजधानी हैदराबादेत हजारो माणसे दगावली. निजाम सरकारने १९०९ साली विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय झाले. पूर अडला आणि तेच पाणी शहरास पिण्यासही मिळाले. घात करणारे पाणी घागरीत आणावयाचे, हेच या शास्त्राचे मर्म होय.

१९५५ साली ते भारतरत्न झाले आणि शंभरी ओलांडून १४ एप्रिल १९६२ रोजी निवर्तले.

त्यांच्या विद्यार्थिदशेत हे शिक्षण मुलींच्या वाट्यास येत नव्हते. आज तो मार्ग खुला आहे. घरची लेक स्थापत्यशास्त्र शिकू म्हणाली, तर खर्चाच्या धास्तीने तिला अडवू नये. तिच्यासाठी शिष्यवृत्तीची चौकशी करावी, आणि शिकून गावच्या पाण्याचे ऋण फेडण्याचे वचन तिच्याकडून घ्यावे.