विहिरीवरच्या इंजिनामागचा अभियंता

बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात किंवा इंदापूरच्या नीरा-भीमा काठाने फिरताना जुन्या विहिरींच्या थारोळ्याशेजारी एखादा दगडी चौथरा दिसतो. त्यातून चार गंजके बोल्ट वर आलेले असतात आणि भोवतालची माती तेलाने काळवंडलेली असते. मोट जाऊन ऑईल इंजिन आले त्या काळाची ही खूण होय. महाराष्ट्राच्या शेतीतील या स्थित्यंतराशी ज्या नावाचा सर्वाधिक संबंध आहे, ते शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापुरात झाला. वडील लक्ष्मणराव बेळगावात सायकलींचे दुकान आणि छोटा कारखाना चालवीत असत. तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळील माळरान दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर शंतनुरावांचे बालपण गेले. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांमध्ये होती. वडिलांचे नांगर त्यामुळे बराच काळ पडून राहिले. यंत्र चांगले असून भागत नाही, ते वापरणाऱ्याचा विश्वासही मिळवावा लागतो, हे या मुलाने फार लवकर पाहिले.

१९२२ मध्ये ते चुलतभाऊ माधव यांच्यासह अमेरिकेला गेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ मध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळविली. त्या संस्थेतून पदवी घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भारतीयांत त्यांची गणना होते. परतल्यावर ते थेट किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात रुजू झाले. नांगर, चरक आणि भुईमूग फोडणी यंत्रांच्या जोडीला तेथे पंप तयार होऊ लागले होते. मात्र पंप देशी असला, तरी तो फिरविणारे इंजिन बहुधा इंग्लंडहून येत असे. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात देशी डिझेल इंजिनाची वाट दाखविली होती, हे येथे नोंदवायला हवे. तो मान किर्लोस्करांच्या खात्यावर घालणे अन्यायाचे ठरेल.

१९४६ मध्ये बंगळूरला विजेच्या मोटारींची आणि पुण्यात तेल इंजिनांची अशा दोन कंपन्या किर्लोस्करांनी स्थापन केल्या. पुण्याच्या कंपनीची, म्हणजे किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची, धुरा शंतनुरावांकडे आली. खडकीत कारखाना उभा राहत असतानाच १९४८ च्या फेब्रुवारीत, गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. वडिलांनी माळरानावर उभे केलेले वैभव बेचिराख होत होते आणि पुण्यातील नव्या प्रकल्पात भांडवल गुंतले होते. अशा वेळी हात आखडता घेतला असता, तर कोणी दोष दिला नसता. किर्लोस्करवाडी पुन्हा उभी राहिली आणि पुण्याचे कामही थांबले नाही.

खडकीत ब्रिटिश तंत्रसाहाय्याने पाच अश्वशक्तीचे उभे, एकसिलिंडरी इंजिन बनू लागले. पुढे 'एव्ही-१' या नावाने ते घरोघरी परिचित झाले. ८० मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर, ११० मिलिमीटरची दट्ट्याची फेरी, मिनिटाला दीड हजार फेरे. कागदावर हे सारे साधे दिसते. परंतु दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यातील फट केसाहूनही बारीक राखावी लागते. ते काम पुणे परिसरातील तरुण कामगारांकडून करून घ्यायचे, ही त्या काळी पैज होती.

ही पैज खरोखर कोठे लागते, ते इंजिनाच्या तळाशी कळते. दट्ट्यावरच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या, तरी जळालेल्या वायूचा थोडा अंश त्यांच्या कडेने निसटून खालच्या क्रँककेसमध्ये उतरतोच. तेथे क्रँकशाफ्टच्या फिरण्याने वंगण तेलाचे तुषार उडत असतात. वायू ते तुषार आपल्यासोबत घेतो आणि त्याला वाट हवी असते. ही वाट म्हणजे ब्रीदर. एकसिलिंडरी इंजिनात त्याला सहसा एकतर्फी झडप असते: दट्ट्या खाली आला की वायू बाहेर जातो, वर गेला की झडप मिटते. त्यामुळे क्रँककेसमध्ये किंचित निर्वात राहतो आणि तेल सीलमधून पाझरत नाही. काही इंजिनांत वाटेवर बसविलेल्या जाळीवर तुषार आदळून थेंब बनतात आणि तेल तळाशी परतते.

ही जाळी धूळ आणि काजळीने चोंदली की आत दाब वाढतो, तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येते आणि चौथऱ्याभोवतीची माती काळी होते. म्हणजे ती काळी माती केवळ वयाची खूण नव्हती. पुष्कळदा ती हयगयीचीही असे. रिंगा झिजल्या असतील, तर ब्रीदरमधून धुराचा लोट निघे. बाजूला हात धरून अनुभवी मिस्त्री त्यावरून इंजिनाचे आयुष्य ओळखत.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८० च्या दशकापासून बारामती-इंदापूरकडे येऊ लागले आणि कालव्याखाली ऊस पिकू लागला. कळंबजवळ वालचंदनगर वसले. परंतु कालव्याच्या वरचा माळ विहिरीवरच अवलंबून राहिला. चार बैल, चामड्याची मोट आणि दिवसभर धावेवर ये-जा करणारा माणूस यांनी जेवढे रान भिजे, त्याहून कितीतरी अधिक पाणी इंजिन आणि पंप काही तासांत उपसत. अर्थात, बैल थकला की कळतो. इंजिनाचे तेल संपले की ते कळत नाही, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. तेल बदलणे, हवेच्या गाळणीतील तेल पाहणे, ब्रीदरची जाळी रॉकेलने धुणे हे नवे शिस्तीचे काम शेतकऱ्याच्या घरात शिरले.

शंतनुरावांचा व्याप पुढे वाढत गेला. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्स कंपनीसह पुण्यात कोथरूडला मोठ्या इंजिनांचा प्रकल्प आला. १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले; देशातील उद्योजकांच्या 'फिक्की' या संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. परवाना पद्धतीवर त्यांनी उघड टीका केली आणि त्यासाठी टीका सोसलीही. कामगारांचे प्रश्न त्यांच्या मताइतके सरळ नव्हते, असे म्हणणारेही होते. त्या वादाचा निवाडा येथे होण्यासारखा नाही.

विहिरीवर वीज आली आणि इंजिनाचे राज्य संपत गेले. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावरून इंदापुरात पाणी उचलले जाऊ लागले, तेही मुख्यतः विजेच्या मोटारींनी. शंतनुरावांचे निधन २४ एप्रिल १९९४ रोजी पुण्यात झाले. डिझेल इंजिन मात्र जनरेटरच्या रूपाने राहिले. वाहनांसाठी एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ आणि जनरेटरसाठी जुलै २०२३ पासूनच्या नव्या निकषांनंतर क्रँककेसचा वायू बेहिशेबी उघड्यावर सोडण्याचे दिवस सरले आहेत. अनेक इंजिनांत तो तेल वेगळे करणाऱ्या गाळणीतून पुन्हा इंजिनाकडे वळविला जातो. काही इंजिनांत गाळणी चोंदल्याची सूचना दाबमापक देतो. पूर्वी हे काम मिस्त्रीचा हात करी. खडकीच्या कुळातील एकसिलिंडरी इंजिने आजही राज्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत चाचणीसाठी उभी आहेत.